ढोलकीला जागा ठेवणारा की-बोर्ड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ऑर्केस्ट्रावाल्याचं वर्ष पाडव्याला नाही, १२ जानेवारीला सुरू होतं. त्या दिवशी सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव असतो आणि आसपासच्या गावांतही रात्री मंच उभे राहतात. मग माघ वद्य सप्तमी, शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन. त्या आठवड्यात भजन आणि भक्तिगीत यांच्याशिवाय कुणी दुसरं काही मागत नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते, तेव्हा कव्वालीचे दिवस. १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम, एकाच रात्रीसाठी दोन-दोन गावांची बोलावणी. पुढे लग्नसराई, गणपती, नवरात्र. आणि सगळीकडचे मांडव उतरले की खामगावात कोजागिरीला मोठी देवी बसते. गुंडाळून ठेवलेल्या वायरी पुन्हा उलगडायच्या.

एवढं सगळं एकाच की-बोर्डवर वाजतं. अभंग त्यावरच, कव्वाली त्यावरच, हळदीची गाणी आणि लावणीही त्यावरच. म्हणून आमच्याकडे की-बोर्ड घेणं ही एका माणसाची खरेदी राहत नाही. सगळ्या पार्टीचं पोट त्यावर असतं, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही असा गाडीचा ड्रायव्हरही त्यावर मत देतो.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, घरी वाजवायला पाहिजे की स्टेजवर? हा प्रश्न अर्धाच आहे. स्टेज कुठलं, हे त्यानं विचारायला हवं. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात पडदा असतो, थंड हवा असते, आवाज सांभाळणारा माणूस दुपारपासून येऊन बसलेला असतो. आमचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेचा ओटा, नाहीतर पिंपांवर टाकलेल्या फळ्या. समोर अख्खं गाव, मागे धडधडणारा जनरेटर, वर हॅलोजन आणि त्या उजेडावर झेपावणारे किडे. कोजागिरीच्या दिवसांत तर वाजवता वाजवता पट्ट्यांवरून पाकोळ्या झटकाव्या लागतात. या मंचावर जो की-बोर्ड टिकेल आणि शोभेल, तो कसा असावा?

आमची पार्टी लहान. दोन गाणारे, एक निवेदक, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि मी. दिवसा मी शाळेत शिकवतो. जुन्या की-बोर्डच्या मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या मुक्या व्हायला लागल्या. खालचं रबर झिजलं की असं होतं. दाबलेली पट्टी कधी वाजते, कधी नाही, आणि कधी एकदम पूर्ण जोरात ओरडते. नवा घ्यायचं ठरलं तेव्हापासून मी या विषयावर जितका विचार केला, तितका स्वतःच्या घराच्या बांधकामाचाही केला नव्हता.

अरेंजर की-बोर्ड ज्यांनी लांबूनच पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डाव्या हातानं तीन पट्ट्या दाबायच्या. त्या सुरांवर आतला अख्खा वाद्यवृंद उभा राहतो. ताल सुरू होतो, बास चालायला लागतो, गिटार छेडली जाते, मागे व्हायोलिनचा पडदा पसरतो. उजव्या हातानं गाण्याची चाल वाजवायची. डावा हात दुसऱ्या कॉर्डवर गेला की सगळा वृंद त्याच्यामागे जातो. ध्रुवपदाला एक बटण, अंतऱ्याला दुसरं, मधली फिरकी टाकायला तिसरं, गाणं संपवायला चौथं. यंत्रं यायच्या आधी हे काम माणसं करत. कुठल्या ओळीनंतर किती व्हायोलिनं, बासरी कुठे शिरायची, ढोलकी कुठे थांबायची, हे कागदावर मांडणारे अनिल मोहिले, इनॉक डॅनियल्स यांच्यासारखे संयोजक होते. मराठी गाण्याचं अंग आपल्या कानात बसलंय ते चालीइतकंच अशा मंडळींच्या हातामुळे. पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारखे मोठे ऑर्केस्ट्रा तीच मांडणी मंचावर पुन्हा उभी करायला माणसांचा ताफा घेऊन हिंडत.

मग जपानी कंपन्यांनी तो ताफा पेटीत भरायला घेतला. १९८० मध्ये पहिला कॅसिओटोन आला. १९८८ मध्ये रोलँडचा ई-२०, १९९३ मध्ये कॉर्गचा आय-३, २००२ मध्ये यामाहाचा टायरोस. दर पिढीला आतली गिटार आणखी खरी वाटायला लागली. ढोलकी मात्र फार उशिरा आली, आणि त्याचं कारण एका यादीत सापडतं.

१९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाची एक सर्वमान्य यादी ठरली. कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड घ्या, अमुक क्रमांकाला अमुक वाद्यच वाजलं पाहिजे, असा तो करार. एकूण १२८ आवाज. त्यात भारताला मिळालेल्या जागा दोन: १०५ क्रमांकावर सतार आणि ११२ वर सनई. तालवाद्यांची वेगळी यादी होती. तिच्यात लॅटिन अमेरिकेचे बोंगो-कोंगा आहेत, तबला नाही, ढोलकी नाही, पखवाज नाही. ज्या देशात तालाचं शास्त्र इतकं खोल गेलं, त्याचा ताल जगाच्या यादीत बसला नाही, हे मला आजही लागतं. पुढे कंपन्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेल्स काढली. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओची नावात ‘आयएन’ असलेली, रोलँडचा एक्सपीएस-१०. त्यांत तबला-ढोलक, तानपुरा, भारतीय ठेके आले. शिवाय पेनड्राइव्हमधून हातोहात फिरणाऱ्या ‘मराठी स्टाईल्स’ आहेतच. गोंधळ, कोळीगीत, लावणी, भजनी, जे मागाल ते. त्यांतल्या काही खरंच मन लावून केलेल्या असतात. पण ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न कायम येतो. ही थाप कुणाच्या हाताची आहे? कुण्या एका वादकानं कधीतरी एका बंद खोलीत ती मारली. आता ती हजारो मांडवांत वाजते, दर वेळी त्याच जोरानं, त्याच जागी.

निवड करताना मी सगळ्यात आधी बघतो ते गाणाऱ्याचा गळा. आमच्याकडे गाणारा माणूस ‘सी शार्प’ म्हणत नाही, तो काळी एक म्हणतो. आमची गायिका काळी चारमध्ये खुलते, गायकाला काळी एक नाहीतर पांढरी दोन लागते. दोघांचं द्वंद्वगीत आलं की दोघांनी थोडं थोडं सोडून मधली जागा धरायची. अरेंजरवर ट्रान्सपोजचं बटण असतं. वाजवायचं पांढरी एकमध्येच, निघतं काळी चारमध्ये. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी ठेवत नाही. पण ते बटण कुठे आहे, आकडा पडद्यावर ठळक दिसतो का, अंधारात बटण बोटाला लागतं का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका गाण्याचं ट्रान्सपोज दुसऱ्या गाण्यात राहिलं तर गाणारी बाई चार हजार डोळ्यांसमोर उघडी पडते. लोक तिला बेसूर म्हणतात, की-बोर्डवाल्याला कुणी काही म्हणत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याची स्टाईल, लय, आवाज आणि पट्टी एकत्र साठवून एका बटणावर आणता येण्याची सोय मला सजावटीचे शेकडो आवाज असण्यापेक्षा मोलाची वाटते. यामाहा त्याला रजिस्ट्रेशन म्हणतं, कॉर्ग साँगबुक म्हणतं. काम तेच.

पट्ट्या ६१ घ्याव्यात की ७६, हा वाद मात्र लवकर मिटतो. साधारणपणे कारखान्यातून येताना डाव्या हाताची हद्द खालून दुसऱ्या सप्तकातल्या काळी तीनपर्यंत असते. म्हणजे ६१ पैकी १९ पट्ट्या डाव्या हाताला गेल्या, उजव्याला ४२ उरल्या, साडेतीन सप्तकं. भावगीत, भीमगीत, लावणी यांना तेवढं पुरतं. पेटीवर वाढलेल्या माणसाला तर जास्तच होतं. ७६ पट्ट्यांचा की-बोर्ड गाडीच्या टपावर बांधून राजूर घाट उतरायचा असेल, तर त्या पंधरा जादा पट्ट्यांची किंमत प्रत्येक वळणावर मोजावी लागते.

खरा अवघड भाग कॉर्डचा आहे. आपली चाल रागातून येते, यंत्राची बुद्धी कॉर्डमधून. भैरवीतला अभंग सुरू झाला आणि डाव्या हातानं सवयीनं मेजर कॉर्ड दाबली, की गळ्यातला कोमल गंधार आणि यंत्रातला शुद्ध गंधार एकमेकांच्या अंगावर जातात. यावर जुनाजाणता उपाय आहे. गंधार सोडायचा, नुसता सा आणि प दाबायचा. बरेच चांगले अरेंजर ही दोन सुरांची जोडीही ओळखतात आणि मागचा वृंद तटस्थ उभा राहतो, तानपुऱ्यासारखा. दुकानात मी हे आवर्जून करून बघतो. सा-प दाबून ज्याचा वृंद गोंधळतो, तो की-बोर्ड आमच्या भजनाच्या कामाचा नाही. दुसरं, मींड. बासरीचा आवाज कितीही गोड असो, उजव्या हाताची पट्टी दाबून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. त्यासाठी डावीकडचं चाक किंवा दांडी लागते, आणि ती डाव्या हाताला कॉर्ड न सोडता धरता आली पाहिजे. पेटीवरही हाच आक्षेप होता. सूर ठरलेले, मींड नाही, म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही देवळातली पेटी थांबली नाही.

आता ढोलकीकडे येतो.

आमचे ढोलकीवाले काका घाटाखालचे, जळगाव जामोदकडचे. त्यांची ढोलकी नट आवळून चढवायची आहे. कार्यक्रमाच्या आधी ते माझ्याकडून गायिकेच्या पट्टीचा सा मागून घेतात, कान शाईजवळ नेतात, पान्यानं एकेक नट पाव-पाव फिरवतात, पुन्हा सा मागतात. मे महिन्यात नांदुरा-मलकापूरकडे पारा ४३-४४ वर गेलेला असतो, तेव्हा कातडं ताणून सूर वर चढतो. जानेवारीत सिंदखेडराजाच्या उघड्या मैदानावर दव पडायला लागलं की तोच सूर उतरतो. माझं यंत्र दोन्ही ऋतूंत एकच सा देतं. काका दर दोन गाण्यांनी पान्याला हात घालतात. गाण्याच्या मध्ये गायिकेनं एखादी ओळ पुन्हा घेतली, की त्यांची थाप आपोआप हलकी होते, कारण ते तिच्या ओठांकडे बघत असतात. ओळ संपता संपता बोट कातड्यावर घासून ते एक घुमारा काढतात आणि समेवर टाकतात. समोरची माणसं माना डोलवतात ती त्या क्षणी. की-बोर्डवर फिल-इनचं बटण दाबलं की चारच ठरलेल्या फिरक्या येतात. तिसऱ्या गाण्यापर्यंत गावातल्या पोरांनाही त्या पाठ झालेल्या असतात.

तरी ढोलकीवाले कमी होत चाललेत. कार्यक्रम ठरवणारा म्हणतो, माणसं कमी आणा. त्याचंही चुकतं असं नाही. गाडीत जागा, जेवणाची पानं, प्रत्येकाचं मानधन, सगळं वर्गणीतून निघायचं असतं. आणि की-बोर्डमध्ये ढोलकी आहेच ना, हा त्याचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी पार्ट्यांनी आधी ढोलकीवाला सोडला, मग कोंगोवाला, मग गिटारवाला. उरला एकटा की-बोर्डवाला. आणि पाचेक वर्षांनी कार्यक्रम ठरवणारा त्यालाच म्हणाला, गाण्याचे ट्रॅक मोबाइलवर मिळतात, गाणारे दोघं आले तरी चालेल. ज्या तर्कानं त्यानं ढोलकी घालवली होती, त्याच तर्कानं तोही गेला. आज लग्नाच्या कितीतरी मंचांवर दोन गायक, एक लॅपटॉप आणि चार मोठे स्पीकर, एवढाच ऑर्केस्ट्रा उरलाय. सूर पक्का, ताल पक्का, पण गायकानं आलाप थोडा लांबवला की ट्रॅक त्याला टाकून पुढे निघून जातो.

यातूनच अरेंजर निवडण्याची माझी कसोटी ठरली. त्यात काय काय वाजतं हे सगळेच बघतात. त्यातलं काय काय गप्प करता येतं, आणि किती चटकन, हे मी बघतो. यामाहाच्या स्टाईलमध्ये आठ पदर असतात: तालाचे दोन, मग बास, कॉर्डचे दोन, पॅड आणि फ्रेजचे दोन. कॉर्गमध्येही आठच, ड्रम, पर्कशन, बास आणि साथीचे पाच. तालाचे दोन्ही पदर बंद करून बाकीचे सहा चालू ठेवता येतात. मग बास आणि गिटार यंत्राची, थाप माणसाची. ही सोय बहुतेक सगळ्या अरेंजरमध्ये आहे. वापरणारे थोडे.

हे करणं वाटतं तितकं सोपं नाही, हेही सांगायला हवं. ताल बंद केला तरी यंत्राची लय आत चालूच असते आणि ती तसूभर हलत नाही. ढोलकीवाला माणूस आहे. लावणीच्या शेवटी तो चढवणारच, नाहीतर लावणी कसली? त्याला यंत्राच्या बासवर बांधून ठेवलं तर तो दोन गाण्यांत कंटाळतो. म्हणून टॅप टेम्पोचं बटण अंगठ्याजवळ हवं. काकांची लय वाढली की त्यांच्या थापेवर बोट मारायचं आणि बास त्यांच्यामागे न्यायचा. पेटीवाल्यानं तबलजीकडे बघत वाजवायचं, ही आपली जुनी रीत, तीच इथेही. दुसरी सोय सिंक स्टॉपची. डावा हात पट्टीवरून उचलला की सगळा वृंद थांबतो, ठेवला की निघतो. मुखड्याआधीचा आलाप, शेराची पहिली ओळ, कव्वालीतला गिरह, हे सगळं या एका सोयीवर नीट होतं. गाणाऱ्याला वाटेल तितका वेळ घेता येतो.

मेहकरला कार्यक्रम असला की एक गाणं आम्ही ठरवून घेतो. ना. घ. देशपांडे मेहकरचे. पेशानं वकील, १९०९ चा जन्म, १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘खूणगाठी’ला. पण लोकांच्या ओठांवर ते राहिले ‘शीळ’मुळे. गो. ना. जोशींनी ती कविता गाऊन तबकडीवर आणली आणि मराठी भावगीताची वाट जिथून सुरू झाली असं म्हणतात, त्या मोजक्या जागांपैकी ती एक. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचे शब्द महाराष्ट्रभर घरोघरच्या फोनोवर वाजले, याचा मला अतिशय अभिमान आहे. जनरल मिडीच्या यादीत ७९ व्या क्रमांकावर शिट्टीचा आवाज आहे, हे कळलं तेव्हा पार्टीतल्या पोरांनी आग्रह धरला की या गाण्यात तोच वापरा. वापरून बघितला. आवाज हुबेहूब, पण गाणं त्याखाली दबलं, कारण शीळ शब्दांत आहेच, ती पुन्हा वाजवून दाखवायची नसते. आता त्या गाण्याला मी स्टाईल लावतच नाही. डाव्या हातात सा-प, तोही अगदी हळू. काका त्या दिवशी ढोलकी बाजूला ठेवून तबला घेतात. बाकी सगळा गळा. लाखाच्या यंत्रातला बहुतेक सगळा भाग त्या पाच मिनिटांत गप्प असतो. मेहकरचे म्हातारे लोक ते गाणं झालं की स्टेजजवळ येऊन उभे राहतात, बराच वेळ काही बोलत नाहीत, मग हात जोडतात.

वायरी आणि विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्याकडे भार वाढला की वीज क्षणभर डोळा मारते. हॅलोजनला त्याचं काही नाही, की-बोर्ड मात्र बंद पडून नव्यानं सुरू होतो, आणि मोठ्या मॉडेलला पूर्ण जागं व्हायला वेळ लागतो. तोवर गायिका एकटी. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस जवळ ठेवावा, की-बोर्डच्या मानानं त्याची किंमत काहीच नाही. अडॅप्टरवर चालणारा असेल तर त्याची वायर स्टँडला बांधून घ्यावी, नाहीतर स्टेजवर हार घालायला येणाऱ्या पुढाऱ्याच्या पायात ती अडकतेच. गावातलं ध्वनिक्षेपण बहुतेक मोनो असतं. एकच वायर जाणार असेल तर ती डावीकडच्या मोनो लिहिलेल्या भोकातच हवी, नाहीतर अर्धा वृंद लोकांपर्यंत पोहोचतच नाही. दवासाठी सुती पांघरूण, आणि रात्री दहाची वेळ पाळायला हाताशी घड्याळ. एवढं झालं की बास.

पैशाचं म्हणाल तर नवशिक्याला पीएसआर-आय किंवा कॅसिओची भारतीय मॉडेल्स चांगली. हलकी आहेत, आपले ठेके आत आहेत. रोज मंचावर जाणाऱ्याला मधली फळी, म्हणजे यामाहाची एसएक्स मालिका किंवा कॉर्गचे पीए ७००-१०००. तिथे पेनड्राइव्ह, गाण्यागणिक साठवण, बाहेरचे ठेके भरणं, हे सगळं नीट होतं. जेनोस, पीए ५एक्स ही थोरली भावंडं. त्यांचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी येतं, पण ट्रॉलीवर मांडायला माझा जीव धजत नाही. आणखी एक. दुरुस्ती कुठे होते हे आधी विचारा. आमच्याकडून अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर ही जवळची ठिकाणं. तिथे ज्याचे भाग मिळतात, तोच आपला.

आम्ही निवड केली ती अकोल्याच्या एका दुकानात. काकांना बरोबर नेलं होतं, ढोलकीसकट. दुकानदारानं एकामागून एक स्टाईल लावून दाखवल्या. ढोल, ताशे, लावणी, सगळं धडाक्यात. काका स्टुलावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “त्याची ढोलकी बंद कर न रे बापू. मी कायले आलो मंग?” एका मॉडेलवर ताल बंद करायला पडद्यावर शिरत शिरत जावं लागत होतं, तोवर मुखडा निघून जायचा. त्याचं नाव सांगत नाही, बाकी सगळ्यात तो वरचढ होता. दुसऱ्यावर ते काम पटकन झालं. बास राहिला, गिटार राहिली, आणि काकांनी केहरवा धरला. लय वाढवली, मी बोट मारून बास मागे नेला. उतरवली, तीही धरली. रस्त्यावरची माणसं दाराशी येऊन थांबली. काकांनी ढोलकी खाली ठेवली आणि म्हणाले, हाच घ्या. मला ज्याचे बासरी-सारंगीचे आवाज जास्त आवडले होते, तो हा नव्हता. पण काकांच्या पसंतीबद्दल मला तेव्हाही शंका आली नाही, आता तर नाहीच.

तुमच्या गावात जयंतीचा, देवीचा, लग्नाचा कार्यक्रम ठरवायची वेळ तुमच्यावर येईल. स्पीकर किती, लाइट किती, गायिका कोण, हे सगळं विचाराल. त्यात एक प्रश्न वाढवा: ढोलकीवाला येणार ना? आणि येणार असेल तर त्याचं मानधन कागदावर वेगळं लिहा.